बरकत, दोन, तीन

माझं माहेर देगलूरच्या खाली, कर्नाटकाच्या शिवेवर, इतकं शिवेवर की आमच्या बांधावरच्या लिंबाची सकाळची सावली कर्नाटकात पडायची अन् दुपारून महाराष्ट्रात यायची. घरात कानडी, शाळेत मराठी, बाजारात तेलंगी. शिवकांता माझं नाव, तीन भावांच्या पाठीवरची. मी लहानपणापासून अशीच, एका जाग्यावर बूड टेकत न्हाई. माय म्हणायची, सुम्न कुंदरू, म्हंजी गप बस की जरा, तर मी गप बसायची अन् बसल्या बसल्या गोधडीचे टाके उसवायची. एकदा घरातलं गजराचं घड्याळ खोललं, सगळी चाकं परातीत मांडली अन् परत बसवायला गेले तर एक चाक उरलं. घड्याळ चाललं बी, पण दिवसाला अर्धा तास फुडं पळायचं. अण्णा म्हणले, पोरीवर गेलंय ते, राहू द्या.

आमचे अण्णा म्हंजी माझे वडील. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, जमीन बेताची, पण गावात त्यांची वळख मापानं होती. कुणाच्या बी खळ्यावर जवारीची रास झाली की बोलावणं यायचं, अण्णा या, माप करा. पायली भरायची, वरून हात फिरवून सपाट करायची, पोत्यात ओतायची. अन् मोजायचं काम माझं. पहिली पायली भरली की मी म्हणायची बरकत. पहिलीला एक म्हणायचं न्हाई, रास खुटती म्हणतेत. अन् आमच्या गावात ती बरकतीची पायली बाजूला काढायचे, ती जंगमस्वामीची, म्हंजी आमच्या लिंगायताच्या गुरूची, ती मोजणीत धरायची न्हाई. दुसऱ्या पायलीला एक, मग दोन, तीन. हे जरा तुमच्या वहीत लिहून ठेवा ताई, फुडं ह्याच्यानंच माझी फजिती झाली.

सातवी झाली अन् शाळा सुटली, अन् मग लगीन झालं जळकोटला. आमच्या मालकाचं बस स्टँडच्या रस्त्याला मोटर भरायचं दुकान. मोटर भरायची म्हंजी विहिरीतली, बोरमधली मोटर जळाली की तिच्यातली जळकी वायर काढायची अन् नवी घालायची. मालक लई शांत माणूस. दिवसभर दुकानात बसले तरी दहा शब्द बोलायचे न्हाईत, अन् ह्या बाजूला मी. काय सांगू तुम्हाला, सकाळी आठच्या आत माझं सैपाक-पाणी, भांडी, झाडलोट सारं व्हायचं अन् मग घर मला खायला उठायचं. आत्याबाई म्हणायच्या, म्हंजी आमच्या सासूबाई, अगं बस की, पायात भिंगरी बांधून आलीस का माहेरून. मी डबा द्यायला दुकानात जायची अन् डबा देऊन बी तिथंच घुटमळायची. मालक म्हणायचे, जा. मी म्हणायची, जाते की. अन् जायचीच न्हाई.

मग एक दिवस बसल्या बसल्या एका जळक्या मोटरीची वायर वढून काढू लागले. दुसऱ्या दिवशी मालकानंच दुसरी मोटर माझ्याकडं सरकवली, एवढंच. वर्षभर मी निस्ती जळकी वायर काढली. वास असा की जेवण जायचं न्हाई. मग खाचा साफ करायला शिकले. मोटरीचा तो लोखंडी नळा असतो ना, त्याला आतून खाचा असतेत, त्या ब्रशानं घासून आरशासारख्या करायच्या, एक खडा राहिला तरी वायर सोलती. मग खाचेत घालायचा कागद कापायला शिकले, मग गाठी बांधायला, मग भरलेला नळा पाण्याच्या हौदात बुडवून करंट उतरतो का ते बघायला. एकेक गोष्टीला साल-सहा महिने लागले. मला कुणी शिकवलं म्हणाल तर कुणीच न्हाई, अन् न्हाई म्हणलं बी न्हाई.

दीर होता तवर मोटर भरायला दोघं भाऊ बसायचे. पाण्यातल्या मोटरीला दोन माणसं लागतेतच. एकानं ह्या तोंडातनं वायर खाचेत घालायची, पल्याडच्यानं वढून घ्यायची अन् दुसऱ्या खाचेतनं माघारी द्यायची, तवा एक टर्न होतो, म्हंजी एक फेरा. दीर लातूरला कंपनीत लागला अन् पल्याडची बाजू मोकळी पडली. मालक दोन दिवस बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मला म्हणले, ये. अन् दुकानाच्या मधोमध तरटाचा पडदा टांगला. बाईमाणूस रस्त्यावरून दिसू नये म्हणून. नळ्याचं एक तोंड पडद्याच्या ह्या बाजूला, एक त्या बाजूला. वायरीला बांगडी घासू नये म्हणून मी मनगटाला धडपा गुंडाळायची. बांगड्या काढून ठेवते म्हणले तर आत्याबाई अंगावर आल्या.

सोळा वर्षं बसले ताई मी त्या तरटामागं. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, काय माणूस हाय, एकटा दोन माणसाचं काम करून राहिला. मालक हसायचे बी न्हाईत अन् न्हाई बी म्हणायचे न्हाईत. मी आतून वायर वढायची.

पण दोन गोष्टी त्यांनी हातच्या सोडल्या न्हाईत. एक मोजणी, एक जोडणी. किती टर्न झाले ते वठातल्या वठात मोजायचे, मला ऐकू यायचं न्हाई. अन् सगळं भरून झालं की वायरीची टोकं, कोणतं कशाला जोडायचं, ते माझ्याकडं पाठ फिरवून करायचे. मी एकदा इचारलं, दोनदा इचारलं. म्हणले, तुला काय करायचंय. लई लागलं मला ते. आज बी लागतंय, खोटं कामून बोलू. वढायला हात पायजे अन् मोजायला नको? पण गप बसले. गप बसले म्हंजी निस्तं तोंड गप, जीव कुठला गप बसतोय.

थांबा जरा, ह्या वायरीचं टोक सोलून घेते, हाताला काम असलं की मला बोलता येतंय.

तर मग दोन वर्षाखालचा उन्हाळा. डोंगराच्या अंगाला एक वाडी हाय, तिच्या विहिरीवरची मोटर आलेली. अख्खी वाडी त्या एका विहिरीवर पाणी पिती. मोटरीत वायरीचे तीन भाग असतेत, त्याला फेज म्हणतेत; लाल फेज भरून झाली, पिवळी भरून झाली, निळी राहिली होती. मालक चहा प्यायला उठले अन् तिथंच खाली बसले. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा. अंगावरून वारं गेलं. लातूरला दवाखान्यात नेलं, एकवीस दिवस काढले. जीव वाचला, पण उजवा हात गेला अन् जीभ जड झाली. हां म्हणता यायचं अन् न्हाई म्हणता यायचं, बाकी सारं घशात अडकायचं.

घरी आलो तर दीर येऊन बसलेला. म्हणला, वहिनी, दुकान किरायानं द्या, उदगीरचा एक माणूस तयार हाय. तेवढ्यात वाडीची दोघं-तिघं आले, मोटर दुसरीकडं न्यायची म्हणून. टँकर आठवड्यातून दोनदा येतोय, बायका पार खालच्या शिवारातनं पाणी आणून राहिल्या. खरंच होतं त्यांचं. मी दुकानात गेले. तरट बाजूला केलं. टेबलावर ती मोटर तशीच, दोन फेज भरलेल्या, तिसरीच्या खाचा उघड्या. ताई, ती जर अर्धवट दुसऱ्याच्या दुकानात गेली असती तर आमचं दुकान तिथंच संपलं असतं, अन् मी बी संपले असते. मी म्हणले, आठ दिवस द्या. दीर म्हणला, कोण भरणार? मी म्हणले, मी. तो हसला. वाडीच्या लोकांतल्या एका म्हाताऱ्यानं मात्र माझ्या मनगटाचा धडपा बघितला, बोटांवरचे घट्टे बघितले, अन् म्हणला, आठच दिवस बरं का माय.

पण पल्याडच्या तोंडाला कोण बसणार? आत्याबाई बसल्या. सत्तरी गाठलेलं माणूस, तोंडात मिश्री, म्हणल्या, मला सांग निस्तं कुठं वढायचं ते. आम्ही सासू-सुना दोघी त्या नळ्याच्या दोन अंगाला. टर्न किती ते दुकानाच्या वहीत लिहून होतं, दर खाचेत चौदा. मालकावानीच वठातल्या वठात मोजले. एक अडचण आली, खाच लई घट्ट होऊ लागली, शेवटची वायर जाता जाईना. मला वाटलं, आपला हात नवा हाय, त्यांच्यासारखं दाबून बसवता येत न्हाई. घासून घासून घातली. बोटाची सालं निघाली.

जोडणीचं काय करावं? मी प्रत्येक टोकाला येगळ्या रंगाचा दोरा बांधला अन् तो नळा हातगाड्यावर घालून घरी नेला. मालकाच्या बाजंजवळ ठेवला. हे टोक ह्याला? न्हाई. ह्याला? न्हाई. मग ह्याला? हां. असं एकेक टोक. कधी ते थकायचे, डोळे मिटायचे, कधी मी चिडायची. एक दिवस मी वरडले त्यांच्यावर, म्हणले सोळा वर्षात एकदा सांगितलं असतं तर काय झिजलं असतं तुमचं? माणूस आजारी, अन् मी वरडून राहिले. त्यांनी वठ हलवले, लई खटपटीनं एकच शब्द निघाला, लोक. अन् पुढचं निघालंच न्हाई. लोक काय म्हणतील, म्हणायचं असेल. मी म्हणले, लोकांला पाणी पायजे, तुम्ही हां-न्हाई सांगा. अशी चार दिवसात जोडणी झाली. त्या चार दिवसात मी जेवढं शिकले तेवढं सोळा वर्षात शिकले न्हाई, कारण प्रत्येक न्हाईला मला कामून न्हाई ते आपल्या आपुनच शोधायला लागायचं.

आठव्या दिवशी मोटर विहिरीत सोडली. सारी वाडी काठावर. बटण दाबलं अन् पाणी आलं. नारळ फुटला. म्हातारा म्हणला, झालं माय तुझं. मी गाडीवर बसून येईपर्यंत गाणं म्हणत आले, बसल्या जाग्यावर नाचत आले म्हणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. मोटर दोन तास चालती अन् स्टार्टर पडतोय, म्हंजी आपुनच बंद होतोय. पुन्हा चालू करा, पुन्हा पडतोय. फिटरनं करंट मोजला तर लाल अन् पिवळीवर सारखा, निळीवर येगळा. निळी म्हंजी माझ्या हातची. फोनवर मागून कुणीतरी म्हणलेलं मला ऐकू आलं, बाईच्या हातची मोटर हाय, अजून काय व्हणार. दीराला बी लगेच कळलं, तो म्हणला, वहिनी, उदगीरच्या माणसाला उद्या बोलावतो.

मी मोटर माघारी आणली. टेबलावर खोलली. भाकर खाल्ली न्हाई, निस्ती दुकानात ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या. वायर सोलली का? हौदात बुडवून बघितलं, न्हाई. जोडणी चुकली का? दोऱ्याचे रंग बघितले, न्हाई. मग मालकाच्या हातच्या खाचेतल्या वायरी मोजल्या. चौदा. माझ्या खाचेतल्या मोजल्या. पंधरा. दुसरी मोजली. पंधरा. सगळ्या खाचा पंधरा. एखादी चुकली असती तर म्हणले असते हात चुकला, पण सगळ्याच कशा चुकतेत? चौदा तर मी मोजलेच होते, लिंगाची आण, चौदाच मोजले होते.

आत्याबाईला म्हणले, बसा पल्याड, आपुन एक खाच पुन्हा भरून बघू. ह्या वेळेला वठात न्हाई, मोठ्यानं मोजते. वायर घातली, त्यांनी वढली, माघारी दिली, अन् मी म्हणले, बरकत. दुसरा फेरा, एक. तिसरा फेरा, दोन. पल्याडून आत्याबाईनं वायर सोडून दिली. वाकून नळ्यातनं माझ्याकडं बघितलं अन् म्हणल्या, अगं ए, बरकत सोडून कुठं मोजतेत का? आमच्यात बरकत म्हंजीच एक. बरकत, दोन, तीन. मी म्हणले, आमच्यात पहिली पायली जंगमाची असती. त्या म्हणल्या, अगं ती जवारीची, मोटरीत कुठला आलाय जंगम?

काय सांगू ताई, मला हसू बी येऊ लागलं अन् रडू बी. अण्णाच्या खळ्यावर बसलेली पोर, वायर हातात आली तरी जवारीच मोजून राहिली होती. माझ्या ध्यानात बी न्हाई की माझी जीभ वठाच्या आत बरकत म्हणती अन् तो फेरा सोडून देती. दर खाचेत एक फेरा जंगमाला. दोघींनी घरी जाऊन मालकाला सांगितलं. ते अर्ध्या तोंडानं हसले. वारं गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता डोळ्याला पाणी आलं, तोंडातनं लाळ गळाली, मी पदरानं पुसली, अन् आम्ही तिघं बी येड्यावानी हसत बसलो.

मग निळी फेज सारी उपसली. नवी वायर घातली. चार दिवस, वाडीला सांगितलं, चूक माझी हाय, चार दिवस द्या. म्हाताऱ्यानं इचारलं, काय चूक? मी सांगितलं, तर तो बी खळ्यावरचा माणूस, त्याला पटकन कळलं. म्हणला, बरकत जास्त झाली म्हण की. बरकत म्हणायची सोडून द्यावी असं बी मनात आलं, पण जिभेला सवय, एक म्हणायला गेले की हात थांबायचा. मग बरकतच म्हणले, फक्त मोजणीत धरली. बरकत, दोन, तीन, चौदापर्यंत. वायर अशी गेली खाचेत, लोण्यात सुरी जावी तशी. मोटर सोडली. चालली. सारा उन्हाळा चालली, अजून चालती.

दीराचा उदगीरचा माणूस आला न्हाई. तरट मी त्याच हप्त्यात काढलं, त्याची आता पायपुसणी केली, ती बघा दारात.

आता लोकांला वाटतं, हिचं झालं, ही शिकली. कुठलं शिकली ताई. पाणी आलं तरी मी विहिरीच्या काठावरून हलत न्हाई, पाईपाला हात लावून बसते, मोटर थरथरती का ते बघते, दोन तास झाल्याबिगर घरी येत न्हाई. फिटर लोक हसतेत. अन् नवं बी काय काय येऊन राहिलंय, सौरपंप आलेत, त्यांच्या मोटरी येगळ्या, मोबाईलवरनं चालू-बंद करायचे स्टार्टर आलेत. नायगावला एक माणूस ते दुरुस्त करतोय, मी मंगळवारी बसनं जाते, त्याच्या दुकानात बसून बघते. तो बी म्हणतोय, बाई, तुम्हाला काय करायचंय. मी म्हणते, काय न्हाई, बघते निस्तं. पहिल्या महिन्यात त्यानं मला डबीतले स्क्रू निवडायला दिले. निवडले. आता सोल्डर करायला देतोय. जोडणी दाखवत न्हाई अजून. दाखवील.

कधी कधी राग येतो मला, सोळा वर्षाचा. पहिल्या दिवसापासून मी होते, पण मोजणीत नव्हते, आमच्या गावच्या पहिल्या पायलीवानी. तो राग जात न्हाई, अन् जावा असं बी मला वाटत न्हाई. पण माणूस समोर बसलेला असतो, एक हात मांडीवर मेल्यागत पडलेला, त्याच्यावर कुठवर रागवावं?

ते आता रोज दुकानात येतेत. काठी टेकत येतेत, पल्याडच्या तोंडाला स्टुलावर बसतेत, डाव्या हातानं वायर वढतेत. आत्याबाईला आता होत न्हाई. हळू होतंय काम, एका मोटरीला दुप्पट येळ लागतोय, माझा जीव वर-खाली होतोय, पण डॉक्टर म्हणलेत हात चालू ठेवा. बोलणं थोडं सुधारलंय. गप राहायची सवय मात्र तशीच हाय, दिवसाला दहा शब्द. त्यातला एक मात्र रोज ठरलेला. मी वायर खाचेत घालते, ते वढून माघारी देतेत, अन् पहिला फेरा झाला की जड जिभेनं, सारा रस्ता ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हणतेत, बरकत. अन् मग थांबतेत. मी म्हणल्याबिगर दुसरा फेरा वढत न्हाईत. मी म्हणते, दोन.

हे बघा, निघालं टोक सोलून. बसा अजून म्हणले असते, पण गावात नळाला पाणी सुटायच्या आत एक मोटर सोडायला जायचंय मला, अन् तुम्हाला बी बस गाठायची असेल. लिहा तुम्ही. हात चालू राहू द्या, अन् पहिलं पान देवाला ठेवलं तरी मोजणीत धरा त्याला.